झाकलेलं ऊन

काल शाळेतून घरी येताना चढावर माझ्यापुढे एक टेम्पो रखडत चालला होता. मागे झापांची चळत रचलेली. झाप म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेली चटई; पावसाच्या तोंडावर आमच्याकडे तिला जेवढा मान, तेवढा लग्नात व्याह्यांनाही मिळत नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकल्या, पण मी स्कूटर त्या टेम्पोच्या मागेच ठेवली. सुकलेल्या झावळीचा वास नाकात जात राहिला. आधी हसू आलं. झापं बघून डोळ्यांत पाणी येणारी अख्ख्या रत्नागिरीत मी एकटीच असेन.

मेचा शेवटचा पंधरवडा लागला की आमच्याकडे माणसांना झाकाझाकीचं वेड लागतं. लाकडं झाका, शेण्या झाका, गवत झाका, विहिरीवरचा पंप झाका, ओटीला पाऊस अडवणारी झडी बांधा. या सगळ्या लगबगीला आगोट म्हणतात. चार महिने आभाळाने आपल्याशी वैर धरलंय असं समजून घर भरायचं आणि घर झाकायचं. भिजलं ते गेलं, एवढं साधं गणित. देशावरची माझी एक मैत्रीण एकदा या दिवसांत आली होती. घराघराला प्लास्टिक आणि दोर बांधलेले बघून तिने विचारलं, "तुमच्यावर कोणी चाल करून येणार आहे का गं?" मी म्हटलं, "हो, दर वर्षी येतो."

माझे वडील या झाकाझाकीतले उस्ताद. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा पोस्टमन होते, गणपतीपुळ्याच्या अलीकडे खाडीकाठाला आमचं गाव आहे तिथले. पस्तीस पावसाळे त्यांनी डोक्यावर इरलं, नाहीतर छत्री घेऊन वाड्या-वाड्या तुडवल्या, आणि एकही पत्र भिजू दिलं नाही. खाकी पिशवीच्या आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत मेणकापड, मेणकापडात पत्रं. स्वतः न्हाऊन निघाल्यासारखे घरी यायचे, आणि आई टॉवेल घेऊन धावली की म्हणायचे, "माजां ऱ्हाऊ दे, पिशवी आधी पूस." माणसाच्या हातून अशी सवय सुटत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पिशवी सोडली आणि उरलेल्या सगळ्या जगाला प्लास्टिकात गुंडाळायला घेतलं. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट अजूनही त्याच्या मूळ पिशवीत आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत अण्णांच्या छातीने दगा दिला. दमा जुनाच होता, पण या वेळी रत्नागिरीत दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ तोंडाला मास्क लावून दहा-दहा मिनिटं औषधाची वाफ घ्यायची, एकही चुकवायची नाही. मशीन विजेवर चालतं. आणि आमच्या वाडीत पावसाळ्यात लाइट गेली की कुठे झाड पडलंय ते शोधण्यातच अर्धा दिवस जातो. वायरमन बिचारा चिखलातून चालत येतो, त्याचा तरी काय दोष.

माझा धाकटा भाऊ विनू डोंबिवलीला असतो. तो म्हणाला, "अण्णा, पावसाळ्याचे चार महिने माझ्याकडे चला. पाऊस संपला की परत आणून सोडतो." बोलणं काही चुकीचं नव्हतं. पण अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते, स्वतःच्या हाताने पेज करून खात होते, आणि कोणी विचारलं तर बेस चाललंय म्हणत होते. आमच्या वाडीत अकरा घरं. त्यांतल्या सहा घरांना कुलूप. ती सहाही घरं चार महिन्यांपुरतीच बंद झाली होती. कोणी पावसाळ्यापुरतं गेलं, कोणी मुलीच्या बाळंतपणापुरतं, कोणी डोळ्याच्या ऑपरेशनपुरतं. आता गणपतीत पाच दिवस त्या घरांची दारं उघडतात, जळमटं निघतात, आणि पुन्हा कुलूप.

"ह्या सगळ्या घरात मी पत्रां टाकलीत," अण्णा मला म्हणाले. विनू समोर नव्हता म्हणून म्हणाले. "घर कसां बंद व्हतां तां मला इचार. आदी पत्रां येयाची थांबतात. मग मानूस जातां. शाले, मी एकदा गेलो काय परत येनार नाय गो. तुमी मला आनशाल, पन मी येनार नाय."

त्यांना काय म्हणायचंय ते मला बरोबर कळलं. मी गणिताची बाई. भावनेवर माझा विश्वास कमी, हिशेबावर जास्त. मी विनूला म्हटलं, विजेचीच अडचण आहे ना? मग विजेची सोय करू. घरावर सोलर बसवू, बॅटरीसकट. विनूने सोलरचा खर्च विचारला. मग म्हणाला, "ठीक. एक पावसाळा बघू. पण ताई, शर्त ऐक. लाइट नाही म्हणून ते मशीन एकदा जरी बंद पडलं, तरी मी येऊन अण्णांना घेऊन जाणार. मग तू मध्ये बोलायचं नाहीस." अण्णा तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली. नियम म्हटला की अण्णा कुठल्याही कागदावर सही करतात.

एप्रिलात मिस्त्री आला. मागच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबवर त्याने लोखंडी घोड्यावर चार पॅनेलं चढवली. अण्णा खाली खुर्ची टाकून बसले होते, आणि परीक्षकासारखे एकेक प्रश्न विचारत होते. मिस्त्रीने समजावलं की नुसती पॅनेलं लावली तर लाइट गेल्यावर तीही बंद होतात. खांबावर कोणी काम करत असेल तर आपली वीज उलटी जाऊन त्याला झटका बसू नये म्हणून तशी रचना असते. बॅटरी असली की घर त्या तारेपासून तोडून वेगळं चालवता येतं. अण्णांना यातलं बॅटरीचं कितपत समजलं माहीत नाही, पण खांबावरच्या माणसाची काळजी घेणारं यंत्र त्यांना फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीला त्यांनी तेवढंच सांगितलं.

मग आगोट आली. आणि जे झालं ते जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या गावात होईल असं मला वाटत नाही. अण्णांनी पॅनेलं झाकली.

हे मला कळलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. पावसाआधीचं वादळ आलं, आणि एका रात्रीत खाडीकाठाचे खांब झोपले. इकडे शहरातही अंधार होता, पण मी निर्धास्त. संध्याकाळी फोन केला तर अण्णा म्हणाले, "आपल्याकडं झगझगाट हाय." पंखा चालू, फ्रिज चालू, ओटीवर शेजाऱ्यांचे मोबाइल चार्जिंगला. माझी छाती अभिमानाने भरून आली. बिनवादळाच्या गावात बसल्यासारखी मी वर्तमानपत्र वाचत बसले.

तिसऱ्या दिवशी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ झालं. कडक ऊन पडलं. साडेदहाला अण्णांचा फोन. आवाज बारीक, मध्ये मध्ये तुटत होता.

"शाले, तुजां ऊन संपलां गो."

"ऊन कसं संपेल अण्णा? बाहेर बघा की."

"भायेर हाय. आत येत नाय."

मी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, वर काही पडलंय का बघायला सांगा. फांदी, पत्रा, काहीतरी." मी परत अण्णांना लावला. फोन उचलला हमीदाभाभींनी. भाभी आमच्या शेजारच्या. नवरा बोटीवर, दोन्ही मुली सासरी, त्यामुळे त्यांचा अर्धा दिवस आमच्या ओटीवरच जातो. त्या अण्णांना भाऊ म्हणतात आणि अण्णा त्यांना सख्ख्या बहिणीसारखे ओरडतात.

"शालन, तुजा बापूस वायच दमलाय. मी बोलते. काय बगू?"

"भाभी, मागच्या अंगाला जा, पॅनेलांवर काय पडलंय ते बघा."

चपलांचा आवाज. मग भाभी म्हणाल्या, "पडलां काय नाय गो. झापां बांदलेली हायत. चांगली नीट बांदलीत. वर निळां प्लास्टिक. आनि ही झापां माजीच की! मला म्हनाले, लाकडांवर घालायला पायजेत."

मागून अण्णांचा आवाज आला. धापा टाकत होते, तरी ठणकावून सांगत होते, "येवडी म्हाग काच, पावसात भिजवायची? गड्याला वर चढवून बांदून घेतली. दोर सुंबाचा हाय. वादळात बी हलला नाय."

खरंच हलला नव्हता. चाळीस मैलांच्या परिसरात... जाऊ दे, हे मी रागाने म्हणतेय. पण एवढं खरं की त्या वादळात अनेकांचे पत्रे उडाले आणि अण्णांनी बांधलेलं प्लास्टिक जागचं हललं नाही. पावसापासून वाचवायची म्हणून त्यांनी ती काच उन्हापासूनही वाचवली होती. मेअखेरपासून आमच्या घराला उन्हाचा एक कणही मिळाला नव्हता. लाइट होती तोवर तारेतल्या विजेवर बॅटरी भरत होती, म्हणून कोणाला कळलं नाही. लाइट गेल्यावर दोन दिवस पंख्याने, फ्रिजने आणि अख्ख्या वाडीच्या मोबाइलांनी ती चाटूनपुसून संपवली.

मी ओरडले, "भाभी, कापा ते!" आणि स्कूटर काढली. वाटेत दोन ठिकाणी झाडं आडवी होती. कोणी अनोळखी माणसांनी माझी स्कूटर फांद्यांवरून उचलून पलीकडे ठेवली. घरी पोचायला एक वाजला. मागच्या अंगणात झापं अस्ताव्यस्त पडली होती, भाभींच्या हातातला कोयता अजून हातातच होता, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई साडी खोचून शिडीच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. आतून वाफेच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. त्या दिवसापर्यंत मला तो आवाज कर्कश वाटायचा.

पण खरा धक्का पुढेच होता. मी अण्णांना विचारलं, सकाळची वाफ घेतलीत का? त्यांनी मान फिरवली. आदल्या संध्याकाळची? ती पण नाही. बॅटरीत थोडा जीव होता तेव्हासुद्धा त्यांनी मशीन लावलं नव्हतं. का? तर लावलं आणि मधेच बंद पडलं असतं तर शर्त हरले असते. न लावलेलं मशीन बंद पडत नाही. पोस्टातल्या नियमांची सगळी कलमं पाठ असलेल्या माणसाने हे कलम शोधून काढलं होतं, आणि ते सांभाळायला दोन वेळा आपला श्वास गहाण टाकला होता.

मी खूप बोलले त्यांना. मुलीने वडिलांना बोलू नये एवढं बोलले. झापं मी पायाने उडवली. जीव गेला असता म्हणाले, वेड लागलंय म्हणाले, आत्ताच्या आत्ता विनूला फोन करते म्हणाले. अण्णांनी मास्क काढला आणि शांतपणे म्हणाले, "कर. नंबर तुला पाठ हाय."

मी फोन हातात घेतला. आणि नाही केला.

आजही मला नीट सांगता येत नाही की का नाही केला. वर्गात मुलांनी उत्तर लपवलं तर मी त्यांना बाकावर उभं करते. पण त्या दुपारी अण्णांच्या ओठांवरचा निळसरपणा हळूहळू उतरत होता, ते दारातून पलीकडच्या बंद घराकडे बघत होते, आणि माझ्याने नंबर लावला गेला नाही. संध्याकाळी विनूनेच फोन केला, "सगळं ठीक ना ताई?" मी म्हटलं, "हो, एकदम ठीक." भाभींना मी आधीच बजावलं होतं, विनूला काही सांगू नका हां. त्या चुलीतली राख भांड्याला लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता मी कशाला सांगू?"

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर पावसाळी महिने होते, हे लिहिताना मला थोडी लाज वाटते. खोटं बोलून मिळवलेले होते ना. दर शनिवारी शाळा सुटली की मी गावी जायची. फ्रिज बंद करून टाकला होता. पंखा गरजेपुरता. अण्णांनी भिंतीवर खडूने वाफेपुरत्या साठ्याची एक रेघ ओढली होती आणि इन्व्हर्टरवरचे दिवे दिवसातून दहा वेळा बघून ते मला सांगायचे की आज किती साठलं. त्यांनी स्वतःचं माप काढलं होतं. युनिट वगैरे त्यांच्या कामाचे नव्हते. ते ऊन वाफांमध्ये मोजायचे. "आज सकाळी दोन वाफांचां ऊन पडलां, दुपारी काय नाय. पन सांजेला अर्दी मिळाली." गणिताच्या बाईला हे माप आधी हास्यास्पद वाटलं. मग मी शहरात कपडे वाळत घालताना आभाळाकडे बघून मनातल्या मनात म्हणायला लागले, आज चार वाफांचं आहे.

पावसाळ्यातल्या उन्हाकडे मी याआधी कधी बघितलंच नव्हतं. ते आपलं मधेच येतं, पोरांना अंगणात सोडतं, आणि जातं. त्या वर्षी कळलं की त्याचेही किती प्रकार असतात. आषाढातलं पातळ ऊन असतं, ते दिसतं पण पुरत नाही. ढगांच्या कडेने येणारं चटकन तापवून जाणारं असतं. श्रावणात एक ऊन येतं, ओल्या पानांवरून उडी मारून आल्यासारखं, त्याने पॅनेलं अशी भरायची की अण्णा खुशीत येऊन रेडिओ लावायचे. पूर्वी ते आभाळ बघायचे भाताच्या आवणासाठी, म्हणजे रोपांसाठी. आता त्यांच्या छातीचाही त्यात हिस्सा होता. पॅनेलांवर शेवाळ धरू नये म्हणून भाभी आठवड्याला शिडी लावून ती पुसायच्या, आणि खाली उभे राहून अण्णा त्यांना कोपरा राहिला म्हणून सांगायचे. झाकायचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ओटीवर त्यांनी एक लाकडी फळी ठोकून घेतली होती, तीवर चार्जिंगचे प्लग. कडक ऊन पडलं की वाडीला निरोप जायचा, वाफेपुरतं झालंय, आता तुमचे फोन आणा. पाच घरांचे फोन रांगेत लागायचे. एकसारखे दिसतात म्हणून प्रत्येकाला रंगीत दोरा बांधलेला. फोन भरेपर्यंत माणसं बसायची, टाकळ्याची भाजी निवडायची, कोणाच्या जावयाला दुबईत नोकरी लागली ते सांगायची. भाभींच्या नवऱ्याचा बोटीवरून फोन यायचा तोही त्याच ओटीवर, आणि सगळी वाडी त्याच्याशी बोलायची. अण्णा मधोमध आरामखुर्चीत. पस्तीस वर्षं हा माणूस लोकांच्या दारात निरोप घेऊन गेला, आता लोक त्याच्या दारात निरोप घ्यायला येत होते. त्यांचा चेहरा त्या दिवसांत असा होता की मला विनूच्या शर्तीची आठवण सुद्धा नको वाटायची.

पण आठवण होतीच. विनू फोनवर दर वेळी विचारायचा, "मशीन चालू आहे ना?" मी हो म्हणायची. ते 'हो' जूनच्या त्या 'हो'वर चढत जायचं. खोट्याचं असं असतं, एकदा बोललं की पुढचं खरंही त्यात बुडतं.

मग गणपती आले. विनू आणि त्याची बायको माधवी आदल्या दिवशीच आले, बंद घरांची माणसं आली, वाडी माणसांनी फुलली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस नुसता ओतत होता आणि लाइट गेली. कोणाला काही वाटलं नाही, आमच्याकडे सोलर होतं! आरतीला सगळी आमच्याकडे जमली. मखराला रंगीत दिव्यांच्या माळा, वीस-बावीस मोबाइल, मोदकांच्या खोबऱ्यासाठी मिक्सर. मी दोनदा ओरडले, पण घरभर माणसं असली की माझं गणित कोण ऐकतं.

दिवेलागणीला अण्णा ओटीवरच्या खोलीत वाफ घ्यायला बसले. विनू त्यांच्याजवळ होता. वाफ झाल्यावर अण्णांना गरम पाणी लागतं, म्हणून विनूने माधवीने आणलेली विजेची किटली घेतली आणि शेजारच्या प्लगला लावली. बटण दाबलं.

घर काळं झालं. मशीनची घरघर थांबली. मास्कमधून निघणारी पांढरी वाफ थोडी रेंगाळली आणि विरली.

विनूच्या हातात किटली होती. समईच्या उजेडात त्याचा चेहरा मला दिसला. लोड जास्त झाला, एवढंच होतं. दोन-चार वायरी काढल्या की परत सुरू झालं असतं. मी तेच बोलायला तोंड उघडलं. पण अण्णांनी मास्क काढून मांडीवर ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इनू, पडलां बग बंद."

"अण्णा, ते माझ्यामुळे..."

"शर्त ती शर्त. कोनामुळं तां त्यात लिवलेलां नव्हतां. गौरी गेल्या काय मी येतो तुज्यासंगती." थोडं थांबून, श्वास घेऊन, ते पुढे म्हणाले, "आनि येक सांगायचां ऱ्हायलंय. मी जूनातच हरलेलो. वादळात ऊन संपलां, तेवा मी मशीन लावलांच नाय. दोन येळा. काच मीच झाकलेली. शाली तुला बोलली नाय, तिच्यावर रागवू नको. माजी चूक तिनं पोटात घातली."

मला जमिनीने गिळावं असं वाटलं. बाहेर पाऊस, आणि आत गणपतीपुढे ही चोरी उघडी पडलेली. मी म्हणाले, "विनू, मी तुझ्याशी तीन महिने खोटं बोलले. तुला हवं ते बोल."

विनू खाली बसला. किटली त्याने बाजूला ठेवली. म्हणाला, "मला माहीत आहे ताई. त्याच दिवशी माहीत झालं होतं."

मी भाभींकडे बघितलं. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू मना केलंस तां नंतर, शालन. मी सकाळी सातलाच त्येला फोन केला व्हता. माज्या फोनात दोन टक्के ऱ्हायलेले. भाऊंचा श्वास बगून मला ऱ्हावलां नाय."

"सात वाजता फोन आला," विनू म्हणाला, "आठला निघालो. पनवेलहून एस्टी मिळाली. तुम्हाला घेऊनच परत यायचं ठरवून निघालो होतो अण्णा. बाराला गाडी माणगावला थांबली. तिथे पुन्हा भाभींचा फोन. म्हणाल्या, वर चढून सगळं कापून टाकलंय, ऊन लागलंय. मी म्हटलं, मी येतोच आहे. तर त्यांनी फोन मशीनच्या जवळ नेऊन धरला. मी ती घरघर ऐकत उभा राहिलो. मागून तुमचा आवाज येत होता, तुम्ही भाभींना ओरडत होतात की झापं फाडलीस म्हणून." तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला. "इथपर्यंत आलो असतो तर तुम्हाला नेल्याशिवाय परत गेलो नसतो. नेलं असतं म्हणजे संपलंच असतं. मी रस्ता ओलांडला, आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसलो."

मी भावाकडे बघत राहिले. एवढे महिने मी त्याला फसवत होते, आणि तो रोज संध्याकाळी फोन करून मला फसवू देत होता. माझ्याहून चार वर्षांनी लहान हा मुलगा, ज्याला मी पाढे शिकवले.

त्याने उठून माळांची वायर काढली, मिक्सरची काढली, सगळ्या मोबाइलांची काढली. गणपतीपुढे नुसती समई राहिली. आतल्या खोलीत इन्व्हर्टरचा बारीक आवाज झाला, आणि मशीन पुन्हा घरघरायला लागलं. विनूने मास्क उचलून अण्णांच्या तोंडाजवळ नेला. "घ्या. अर्धी राहिलीये."

अण्णांनी त्याचा हात तसाच धरून ठेवला.

"माणगावपर्यंत आलेलास," ते म्हणाले, "तर पुढं यायचास ना रे. रायवळ आंबे व्हते अजून."